वाढत्या अंगाची बॅट नको : मुलांसाठी बेसबॉल बॅट निवडताना ॲलॉय, कंपोझिट की लाकडी?

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या गावोगावच्या लिटल लीगचे, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धांचे, सराव सुरू होतात, आणि क्रिकेटवर वाढलेले मराठी आईबाप खेळाच्या दुकानात बॅटांनी भरलेल्या भिंतीसमोर उभे राहतात. तीस डॉलरची बॅट आणि तीनशे डॉलरची बॅट शेजारी शेजारी टांगलेली असते, दिसायला जवळपास सारखी. अशा वेळी आपल्याकडची जुनी सवय जागी होते : थोडी मोठीच घेऊ, दोन वर्षं चालेल. गणवेशाच्या बाबतीत हे ठीक आहे. वाढत्या अंगाचा सदरा फार तर ढगळ दिसतो. वाढत्या अंगाची बॅट मात्र मुलाचा स्विंग बिघडवते, आणि बॅट लहान झाल्यावरही ती खोड जात नाही.

आधी शिक्का बघा

पहिला प्रश्न ॲलॉय की कंपोझिट हा नाही. मुलाच्या लीगमध्ये कुठल्या शिक्क्याची बॅट चालते, हा आहे. लिटल लीग, कॅल रिपकेन, पोनी अशा लीगमध्ये यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संघटनेचा शिक्का लागतो. हे मानक 1 जानेवारी 2018 पासून लागू झालं. चेंडू बॅटवरून लाकडी बॅटइतक्याच वेगाने सुटावा, असा त्यामागचा हेतू आहे. गावोगाव फिरून टूर्नामेंट खेळणाऱ्या ट्रॅव्हल संघांना बहुतेक वेळा यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेच्या शिक्क्याची बॅट लागते. तिच्यावर 1.15 बीपीएफ (चेंडू बॅटवरून किती उसळतो त्याचं माप) असा शिक्का असतो आणि चेंडू तिच्यावरून अधिक जोरात उडतो. हायस्कूलमध्ये बीबीकोर .50 या तिसऱ्या मानकाची बॅट लागते.

हे शिक्के एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. यूएसएसएसएची महागडी बॅट घेऊन लिटल लीगच्या सामन्यात गेलात तर अंपायर ती बाहेर ठेवायला लावतो. उलट, यूएसए शिक्क्याची बॅट घेऊन ट्रॅव्हल संघात गेलं तर मूल समोरच्यांपेक्षा मागे पडतं. मूल दोन्हीकडे खेळत असेल तर दोन बॅटा घेण्याला पर्याय नाही, म्हणून दोन्हींवर किती खर्च करायचा ते आधीच ठरवा.

बॅरल, म्हणजे चेंडू लागतो तो जाड भाग, यूएसए बॅटमध्ये जास्तीत जास्त 2⅝ इंच आणि यूएसएसएसएमध्ये 2¾ इंच असू शकतो. लिटल लीगच्या 12 वर्षांपर्यंतच्या गटात बॅटची लांबी 33 इंचांपेक्षा जास्त चालत नाही. अगदी लहानांच्या 26 इंच आणि त्याहून छोट्या बॅटांवर ‘फक्त टी-बॉलच्या चेंडूंसाठी’ अशी सूचना छापलेली असते (टी-बॉल म्हणजे टी नावाच्या उभ्या स्टँडवर ठेवलेला चेंडू मारायचा लहानांचा खेळ). अशा बॅटने नेहमीचा कडक चेंडू मारू नये, पातळ बॅरलला लगेच पोचा पडतो. मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल तर तिची बॅट वेगळी. भावाची बेसबॉलची बॅट तिला चालणार नाही.

लांबी आणि वजन

बॅटवर 29 आणि 19 असे दोन आकडे दिसले तर लांबी 29 इंच, वजन 19 औंस. दोन्हींतला फरक म्हणजे ड्रॉप, इथे 10. आकडा मोठा तितकी बॅट लांबीच्या मानाने हलकी. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना ड्रॉप 10 ते 12 बरा पडतो. बीबीकोरमध्ये ड्रॉप 3 पेक्षा जास्त चालत नाही, म्हणून हायस्कूलच्या उंबरठ्यावर मुलांना बॅट एकदम जड वाटू लागते. तेराव्या-चौदाव्या वर्षी ड्रॉप 8 किंवा 5 वर येऊन मधली पायरी घेतलेली बरी.

लांबीचा ढोबळ अंदाज असा : सहा-सात वर्षांना 24 ते 26 इंच, आठ-नऊला 26 ते 28, दहाला 28 ते 29, अकरा-बाराला 30 ते 31. पण वयापेक्षा हात खरं सांगतो. बॅटचा नॉब, म्हणजे मुठीखालचं गोल टोक, छातीच्या मध्यभागी टेकवा, बॅरल समोर धरा आणि मुलाला हात लांब करायला सांगा. बोटं बॅटच्या टोकाला जेमतेम पोचली तर लांबी बरोबर. टोक बोटांच्या बरंच पुढे राहिलं तर एक इंच कमी घ्या.

वजनासाठी आणखी सोपी चाचणी आहे. मुलाने नॉबच्या बाजूचा हात खांद्याच्या रेषेत आडवा ताठ करून बॅट 30 सेकंद धरायची. पंधराव्या सेकंदाला टोक खाली झुकू लागलं, खांदा कानाकडे वर चढला किंवा पाठ मागे कलली, तर ती बॅट जड आहे. मूल ‘जमतंय’ म्हणालं तरी त्याच्या खांद्याकडे बघा.

क्रिकेटच्या सवयीमुळे इथे हमखास चूक होते. 5 नंबरची क्रिकेट बॅट किलोच्या आसपास भरते, तिच्यापुढे 19 औंस म्हणजे साधारण 540 ग्रॅम हे खेळणं वाटतं. पण क्रिकेटमध्ये टप्पा पडल्यावर चेंडूचा अंदाज घ्यायला क्षणभर मिळतो आणि बरेच फटके सरळ बॅटने, चेंडूच्या रेषेत खेळले जातात. इथे चेंडू टप्पा न पडता येतो, बॅट आडवी फिरते आणि सगळं वजन हातांपासून दूर असतं. लिटल लीगमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, 46 फुटांवरून चेंडू टाकतो. ताशी 50 मैलांचा चेंडू तेवढं अंतर जेमतेम 0.6 सेकंदात कापतो. त्यातच बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. बॅट दोन औंस जड असेल तर मूल उशीर होऊ नये म्हणून आधीच सुरुवात करतं, मग चेंडू न बघता फिरवतं, कोपर खाली पडतं आणि बॅरल खालून वर येतं. प्रशिक्षक ‘कोपर वर’ म्हणून ओरडत राहतो, दोष मात्र बॅटच्या वजनाचा असतो.

छापलेल्या वजनावर पूर्ण विसंबू नका. ग्रिपसकट बॅट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली की ती अनेकदा एखादा औंस जास्त भरते. शिवाय तेवढंच वजन टोकाकडे जास्त असलेली एंड-लोडेड बॅट हातात अधिक जड लागते. बारा वर्षांपर्यंत बॅलन्स्डच, म्हणजे वजन सारखं वाटलेली, घ्यावी.

ॲलॉय, कंपोझिट, लाकडी

ॲलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची बॅट. पहिल्या चेंडूपासून ती पूर्ण तयार असते. थंडीत चालते, मशीनच्या चेंडूंचा मारही बऱ्यापैकी सोसते, आणि बिघडताना सांगून बिघडते : आधी छोटा पोचा, मग मोठा, मग कुठेतरी चीर. चांगली ॲलॉय बॅट साधारण 60 ते 150 डॉलरमध्ये मिळते. तिची खरी अडचण झिणझिण्यांची. सगळीच बॅट एकसंध धातूची असेल आणि चेंडू टोकाला किंवा हँडलजवळ लागला, तर कंप थेट तळहातात उतरतो. थंड सकाळी असे दोन फटके बसले की आठ वर्षांचं मूल चेंडूला घाबरून अर्ध्या मनाने बॅट फिरवू लागतं.

कंपोझिट म्हणजे कार्बन फायबरचे थर रेझिनमध्ये बसवून केलेली बॅट. वजन कुठे ठेवायचं ते बनवणाऱ्याच्या हातात असल्याने लांब बॅरल असूनही ती हलकी फिरते, जिथे चेंडू नीट बसतो तो पट्टा मोठा असतो आणि कंप बराचसा मधेच विरतो. किंमत साधारण 200 ते 400 डॉलर. शिवाय ती आधी मुरवावी लागते, थंडीत जपावी लागते, आणि ॲलॉयला जिथे पोचा पडतो तिथे हिला तडा जातो. तडा गेला की ती सामन्यात चालत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

मग दुप्पट-तिप्पट पैसे कशाचे? यूएसए शिक्क्याच्या बॅटमध्ये चेंडूच्या वेगाची कमाल मर्यादा दोन्हींना एकच आहे. म्हणजे नेमका मधोमध बसलेला फटका दोन्हींवरून जवळपास सारखाच जातो. कंपोझिटचे पैसे चुकलेल्या फटक्यासाठी आहेत : चेंडू इंचभर इकडेतिकडे लागला तरी तो बरा जातो आणि हात दुखत नाही. ज्या मुलाचे बरेच फटके बॅटला लागतच नाहीत, त्याला याचा उपयोग नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन सीझनला एकसंध ॲलॉय बॅट घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून बादलीभर चेंडू आणि एक टी घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा-बाराव्या वर्षी मूल नियमित चेंडू बसवू लागलं आणि झिणझिण्यांची तक्रार करू लागलं की कंपोझिटचा विचार करा.

मधला मार्गही आहे. बॅरल ॲलॉयचं आणि हँडल कंपोझिटचं, अशी दोन तुकडे जोडलेली हायब्रिड बॅट. सांध्यात कंप अडतो, बॅरल मात्र पहिल्या दिवसापासून तयार आणि थंडीला न घाबरणारं. न्यू जर्सी, शिकागो, बॉस्टनकडे, जिथे अर्धा सीझन जॅकेटात खेळला जातो, तिथे बऱ्याच घरांना हीच सोयीची पडते.

लाकडी बॅट, मेपल, ॲश किंवा बर्चची, एकाच लाकडाची असेल तर लिटल लीगमध्ये यूएसए शिक्क्याशिवायही चालते. बॅरल बारीक, वजन जास्त, चूक लगेच कळते. सामन्यासाठी पहिली बॅट म्हणून नको. दहा वर्षांपुढच्या मुलाला टीवर रोज वीस-पंचवीस चेंडू मारायला मात्र उत्तम. तिच्यावरचा कंपनीचा शिक्का आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवूनच मारायचं असतं, कारण लाकडाची मजबूत बाजू शिक्क्यापासून पाव फेरा दूर असते. शिक्क्यावर चेंडू घेतला की बॅट हँडलजवळ मोडते.

मुरवणं आणि जपणं

क्रिकेट बॅटला जवसाचं तेल लावून हातोडीने ठोकण्याची सवय इथे बाजूला ठेवा. ॲलॉय आणि कंपोझिटला तेलाचा काही उपयोग नाही, आणि लाकडी बॅटवर आधीच लाखेचा थर असतो. कंपोझिट मुरवायची ती खऱ्या चामडी चेंडूंनी. टीवर किंवा हलक्या हाताने टाकलेल्या चेंडूंवर 150 ते 200 फटके, आणि प्रत्येक फटक्यानंतर बॅट हातात किंचित फिरवायची, म्हणजे बॅरल सगळीकडून सारखं मऊ होतं. सुरुवातीचे पन्नास-साठ फटके निम्म्या जोराने. हे एका दुपारी उरकू नका, मुलाचे हात थकले की फटके हँडलकडे सरकतात. पैसे घेऊन रोलरमध्ये बॅट दाबून देणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. अशी बॅट नियमाबाहेर जाते, वॉरंटी संपते आणि तडाही लवकर जातो.

हवा 60 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपंधरा अंश सेल्सियसच्या खाली असेल तेव्हा कंपोझिट बाहेर काढू नका. थंडीत रेझिन ठिसूळ होतं आणि चेंडूही दगडासारखा होतो. त्या दिवसांसाठी जुनी ॲलॉय बॅट पिशवीत असू द्या. बॅटिंग केजमधले पिवळे, खळगे असलेले रबरी चेंडू चामडी चेंडूपेक्षा कडक असतात, त्यांच्यासाठीही तीच जुनी बॅट. पावसात भिजून फुगलेले चेंडूही नकोत.

दर आठवड्याला बॅरल ओल्या फडक्याने पुसा आणि त्यावरून आडवं नख फिरवा. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या आणि नख अडलं नाही, तर तो फक्त रंग आहे. नख अडलं, बॅरल अंगठ्याने दाबल्यावर करकरलं, किंवा नेहमीचा खणखणीत आवाज जाऊन बद्द आवाज येऊ लागला, तर तडा आहे. आत काहीतरी खुळखुळतं म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा तो वाळलेल्या गोंदाचा सुटलेला तुकडा असतो. एंड कॅप, म्हणजे बॅरलच्या टोकाचं झाकण, हलत असेल तर मात्र खेळ थांबवा, ती सुटून उडू शकते. ॲलॉयला खोल पोचा असेल तर अंपायरच्या बॅरल मोजायच्या कड्यातून ती जात नाही आणि बाद होते.

बूट झटकायला बॅटने टाचेवर मारायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. टोकदार तळव्यांचा मार बॅरलला लागतो. गाडीच्या डिकीत बॅट ठेवू नका : टेक्साससारख्या उन्हाळ्यात बंद गाडीत गोंद सैल पडतो, लाकूड सुकतं, हिवाळ्यात कंपोझिट गारठतं. घरातला कोपरा पुरतो, फक्त लाकडी बॅट काँक्रीटच्या जमिनीला टेकवू नका, ती ओल पिते. आणि कंपोझिट सगळ्या संघाला वापरायला देऊ नका. प्रत्येक बॅटमध्ये मोजकेच फटके असतात, बाराजणांत ते लवकर संपतात.

वापरलेली बॅट घेताना हीच नखाची आणि आवाजाची तपासणी करा. जुनी ॲलॉय निम्म्या किमतीत मिळाली तर खुशाल घ्या. जुनी कंपोझिट नको, तिला किती फटके लागले ते बाहेरून दिसत नाही, आणि साधारण वर्षभराची वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारालाच मिळते. नवीन घेतली तर पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, शाई उडालेली पावती कुणी मानत नाही.

ग्रिप गुळगुळीत झाली की मूल बॅट घट्ट आवळतं आणि मनगट फिरत नाही. सीझनला एकदा ती बदला. जुनी सोलून खालचा चिकटा अल्कोहोलने पुसा, नॉबपासून सुरुवात करून ताण देत गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्यावर अष्टमांश इंच चढवा आणि वर टेप लावा. लहान हातांना 1.1 मिलिमीटर जाडीची ग्रिप बसते, 1.8 मिलिमीटरची झिणझिण्या कमी करते पण छोट्या पंजात मावत नाही.