मुंबईतली नोट ऑफ प्रोटेस्टची नोटरी सेवा: शिक्का जलद, मजकूर कच्चा

नोट ऑफ प्रोटेस्ट म्हणजे वादळी हवामानामुळे मालाचं नुकसान झालं असण्याची भीती आहे, असं जहाजाच्या कॅप्टनने नोटरीसमोर नोंदवलेलं निवेदन. वादळी हवामानातून मुंबई किंवा न्हावा शेवाला आलेल्या जहाजाच्या कॅप्टनला एजंटामार्फत नोटरी गाठून देणारी ही सेवा. जून ते सप्टेंबर या काळात तिची गरज सर्वात जास्त पडते.

वेळेच्या बाबतीत सेवा चांगली आहे. प्रोटेस्ट बंदरात आल्यापासून २४ तासांत आणि हॅच (माल ठेवायच्या कप्प्याचं तोंड) उघडण्याआधी नोंदवायची असते, कारण एकदा डिस्चार्ज, म्हणजे माल उतरवणं, सुरू झालं की मालात पाणी शिरलं ते जहाज समुद्रात असताना की धक्क्यावर, हा वाद संपत नाही. आगमनाच्या आदल्या दिवशी एजंटाला ईमेल गेली, तर नोटरी बहुधा वेळेत मिळतो.

खरी उणीव मजकुरात आहे. तयार नमुन्यात जहाजाचं नाव आणि तारीख भरली जाते, पुढे "खवळलेला समुद्र, जोराचा वारा, मालाच्या नुकसानीची भीती" एवढंच. अशा कागदाचा दाव्यात फारसा उपयोग होत नाही. अरबी समुद्रात जुलैमध्ये वारा ८ फोर्सचा (वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफर्ट मापावर) असणं अनपेक्षित नाही. त्यामुळे "समुद्री संकट" हा बचाव, म्हणजे नुकसान समुद्राच्या धोक्यामुळे झालं असं म्हणणं, जहाजमालकाने घेताना जहाज त्यासाठी सज्ज होतं हेही दाखवावं लागतं. म्हणून मसुदा जहाजावरच तयार करून न्यावा. कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, वाऱ्याची दिशा आणि ब्यूफर्ट फोर्स, लाटांची उंची, कोर्स बदलला का, वेग किती कमी केला, कोणत्या हॅचवरून पाणी गेलं, हे सगळं त्यात हवं. हॅच कव्हरचे क्लीट (झाकण घट्ट बसवणारे खटके) निघण्याआधी तपासले होते, व्हेंटिलेटर कधी बंद केले, बिल्जचं (तळाशी पाणी साचतं त्या जागेचं) साउंडिंग, म्हणजे पाण्याच्या खोलीचं माप, किती आलं, हेही लिहावं.

प्रत्येक आकडा लॉगबुकशी जुळलाच पाहिजे. प्रोटेस्टमध्ये ९ फोर्स आणि लॉगमध्ये ७ असला, तर समोरचा वकील तो कागद जहाजाविरुद्धच वापरतो. लॉग समोर ठेवून वाचणारा नोटरी मिळाला तर त्यालाच धरून ठेवा. नुकसान "झालं" असं लिहू नये, "झालं असण्याची भीती आहे" असं लिहावं. नंतर तपशील वाढवण्याचा हक्क राखून ठेवणारं वाक्यही हवंच. घाईत तेच सर्वात आधी सुटतं.

नोटरीज अ‍ॅक्ट, १९५२ च्या कलम ८ मध्ये जहाजाच्या प्रोटेस्टबरोबर बोटीच्या प्रोटेस्टचाही उल्लेख आहे, तेव्हा हा मार्ग मालवाहू गलबताच्या तांडेलालाही खुला आहे. मात्र नोटरीच्या प्रमाणपत्रावरचं कार्यक्षेत्र तपासा. न्हावा शेवा रायगड जिल्ह्यात येतं. फक्त मुंबईपुरतं प्रमाणपत्र असलेल्या नोटरीने तिथे जहाजावर जाऊन शिक्का मारला, तर कागदच वादात सापडतो.

नोटरीची फी १९५६ च्या नियमांनुसार ठरलेली असते. बिल फुगतं ते लाँच, टॅक्सी आणि एजन्सीच्या खर्चाने, म्हणून पावत्या वेगळ्या मागाव्यात. मालाच्या आकड्यातली तफावत किंवा संथ लोडिंग यासाठी साधं लेटर ऑफ प्रोटेस्ट पुरतं: कॅप्टनने सही करून संबंधिताला द्यायचं आणि पोच घ्यायची. तेही नोटरीकडे नेणं म्हणजे निव्वळ वायफळ खर्च.

भारतात किंवा इंग्लंडमध्ये प्रोटेस्ट म्हणजे आपोआप पुरावा ठरत नाही. फ्रान्ससारख्या देशांत कॅप्टनच्या अशा निवेदनाला जास्त वजन आहे. पुढच्या बंदरांतही माल उतरणार असेल तर तिथे प्रोटेस्ट पुन्हा नोंदवावी.

सहीच्या वेळी कॅप्टनबरोबर चीफ ऑफिसर आणि बोसन किंवा दुसरा एखादा खलाशी साक्षीला असावा. मूळ प्रती निदान चार घ्याव्यात: मालक, पी अँड आय क्लब (जहाजमालकांची परस्पर विमा संस्था), एजंट आणि जहाजाची फाइल. निघण्याआधी प्रत्येक पानावर शिक्का आणि नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक आहे का, ते पाहून घ्यावं.