म्हापशातली फिश थाळी आणि आमचे सुभेदारसाहेब

गोव्यात म्हापशाच्या बाजारापासून पायी पाच मिनिटांवर ही आठ टेबलांची खानावळ. मालक निवृत्त सुभेदार. मीही पायदळात 17 वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलेला, तेव्हा पहिल्यांदा गेलो तो फौजेतल्या ओळखीने. आता दर रविवारी डिचोलीहून मुद्दाम जातो.

आधी जेवण. बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाची आमटी, तिरफळं घालून, दाट. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुक्या सुंगटांची, म्हणजे सुकटीची, किसमूर (कोशिंबीर), उकड्या तांदळाचा भात. तळलेला बांगडा थेट तव्यावरून ताटात येतो. सोलकढी मात्र पातळ असते, दोनदा सांगून झालं. गाडी लावायला जागा नाही.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. एकदा साडेअकरालाच पोचलो. दार अर्धं उघडं. आत कामाची सहा पोरं आणि स्वयंपाकाच्या दोन बायका जेवायला बसलेल्या, ताटात गिऱ्हाइकाला मिळतो तोच बांगडा, आणि सुभेदार स्वतः हातात डाव घेऊन वाढतायत. म्हणाले, "थांबा हवालदार, आधी ह्यांचं." ते स्वतः जेवतात चारला, उरलेलं. फौजेत बडाखान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र मेजवानीला, सीओसाहेब (पलटणीचे प्रमुख) आम्हाला वाढायचे, पण ते वर्षातून कधीतरी. इथे रोज.

वरच्याने आधी आपल्या माणसांचं बघितलं, किंवा नाही बघितलं, की काय होतं ते मी स्वतः अनुभवलंय. एका हिवाळ्यात वरच्या पोस्टवर बर्फाने रस्ता बंद झाला. रॉकेल वाचवा म्हणून आमच्या बंकरातली बुखारी (ऊब देणारी शेगडी) रात्री बंद व्हायची, आमच्या कंपनी कमांडरची पहाटेपर्यंत चालू. कोणी अवाक्षर काढलं नाही. पण पहारा बदलायला माणूस पाच मिनिटं उशिरा यायला लागला, मग दहा. रोज कुणाचं तरी डोकं दुखायचं. पुढे नवे साहेब आले. पहिल्याच रात्री दोन वाजता माझ्या मोर्च्यावर आले, बूट काढायला लावला आणि मोजा चाचपला. ओला होता. आपल्या पिट्ठूतला (पाठीवरच्या पिशवीतला) कोरडा जोड काढून दिला आणि मी तो घालेपर्यंत माझ्या जागी उभे राहिले. आठ दिवसांत तीच माणसं वेळेआधी पहाऱ्याला हजर. बर्फ तोच, डाळ तीच.

कॅडरमध्ये, म्हणजे बढतीआधीच्या प्रशिक्षणात, आम्हाला दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांचं उदाहरण शिकवलं होतं. बर्माच्या मोहिमेत पुढच्या तुकड्या अर्ध्या रेशनवर आल्या की ते आपलं मुख्यालयही अर्ध्या रेशनवर ठेवत. उलटं उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरणार हे दिसत असताना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून हुकूम धाडला की शरणागती नाही, सैनिक एकतर जिंकलेले नाहीतर मेलेले. उबेत बसून दुसऱ्याला मरायला सांगणारा असा हुकूम शिपायाच्या काळजाला भिडत नाही. गोव्यातले पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी 19 तारखेला शरणागती दिली आणि हजारो पोर्तुगीज सैनिक जिवंत घरी गेले. त्यांना स्वतःला मात्र मायदेशी सैन्यातून काढलं. गोवा मुक्त झाला याचा आनंद मनात ठेवूनही त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

गेल्या रविवारी ऐन गर्दीत ओडिशाच्या एका नव्या पोराच्या हातून हुमणाचं अख्खं पातेलं पडलं. पोरगा पांढराफटक. सुभेदार गल्ल्यावरून उठले ते आधी त्याच्या पायांकडे बघत. नळाखाली पाय धरायला लावले, मलम लावलं, मग स्वतः फडकं घेऊन फरशी पुसली. आम्हाला म्हणाले, "हुमणाला वेळ लागेल, तळलेला घ्या." आवाज चढला नाही. अर्ध्या तासाने तोच पोरगा माझ्या ताटात भात वाढत होता, हात स्थिर.

गल्ल्यामागे त्यांनी रंगवून घेतलेली पाटी आहे: आधी देश, मग माझी माणसं, शेवटी मी. 1932 मध्ये डेहराडूनच्या लष्करी अकादमीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरसेनापती चेटवूडसाहेबांनी हाच क्रम सांगितला होता.

जाणार असाल तर बारानंतर जा. दार अर्धं उघडं दिसलं तर बाहेरच्या बाकावर बसा, आत पोरं जेवत असतात.