‘खोटं पकडा’ शिबिर: पैसे अर्धेच वसूल

मी गाड्यांच्या विमा-दाव्यांची चौकशी करतो. पदरचे साडेचार हजार भरून या शिबिराला बसलो. पहिला दिवस वाया. नजर चुकवली, नाक खाजवलं की माणूस खोटारडा, हेच पालुपद. अहो, नुसतं बघून-ऐकून खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्क्यांवर अडकतात, छापा-काटाच की!

दुसऱ्या दिवशीच्या मॅडम मात्र पक्क्या. इंग्लंडच्या पोलिसांची ‘पीस’ पद्धत त्यांनी करून दाखवली: समोरच्याला आधी सलग बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका. हातातला पुरावा शेवटी काढा, हेही त्यांचंच.

सोमवारी लगेच करून पाहिलं. फास्टॅगची नोंद फायलीत झाकून ठेवली. गृहस्थ म्हणाले, “गाडी रात्रभर दारातच होती हो.” नोंदीत टोलनाका, रात्री 2.40.

चहा मात्र दोन्ही दिवस पाणचट.