ठोकळे कुठल्या साइजचे घेऊ? मोठे, मधले की बारीक

भाचा पुढच्या महिन्यात दोन वर्षांचा होतोय आणि बहिणीचा रोज मेसेज, ताई ब्लॉक्स कुठले घेऊ, तर म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते.

सगळ्यात मोठे म्हणजे मेगा ब्लॉक्सचे ते पिशवीत भरून येतात ते. वर्षाच्या मुलालाही जमतात, पकडायला सोपे, पटकन बसतात पटकन निघतात, मनोरा उभा केला की धाडकन पाडायचा, या वयात खरी मजा पाडण्यातच असते. पण बहिणीचा मुलगा आता दोनचा, सहा-आठ महिन्यांत त्याला घर, गाडी असलं काहीतरी करावंसं वाटणार आणि या मोठ्या ठोकळ्यांत ते धड होत नाही, वर जागा किती खातात ते वेगळंच.

मधले म्हणजे लेगो कंपनीचेच ड्युप्लो. नेहमीच्या बारीक लेगोच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच, म्हणजे एक ठोकळा आठ लेगोंएवढा. डब्यावर वय दीड वर्षापासून लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीतच नसते, ड्युप्लोवरची बटणं, म्हणजे वरचे गोल उंचवटे, आतून पोकळ असतात, त्यांच्यावर छोटे लेगो बसतात, त्यामुळे पुढे बारीक घेतले तरी हे माळ्यावर जात नाहीत, खाली ड्युप्लोचा पाया आणि वर लेगोचं घर, मस्त होतं. महाग आहेत हे खरंय पण मोठा सेट लागतच नाही. आठ बटणांचे एकाच रंगाचे नुसते सहा ठोकळे 91 कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात म्हणे गणितवाले, आपल्याला तीस-चाळीस पीस खूप झाले.

आता बारीक, म्हणजे नेहमीचे लेगो. आठ बटणांचा ठोकळा साधारण 3.2 बाय 1.6 सेंटीमीटर, आणि त्यात डोळ्याएवढे, चाकाएवढे तुकडेही असतात. आमचा हुशार आहे हो, त्याला जमेल, असं आजी-आजोबा हमखास म्हणणार. जमेलही! पण डब्यावरचं वय हुशारीसाठी नसतं, तोंडात घालण्यासाठी असतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी साधारण 3.17 सेंटीमीटर व्यासाची नळी वापरून तपासतात, त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो या वयाला चालत नाही. घरी टॉयलेट पेपरचा रिकामा रोल घ्या, तो जरा मोठाच असतो, त्यात मावलं ते बाजूला ठेवायचं. मोठं भावंड सहाचं आणि धाकटं रांगतंय असं घर असेल तर साइज धाकट्याच्या वयाने ठरवा, किंवा मोठ्याला टेबलावरच खेळू द्या, आमच्याकडे धाकटीच्या गालातून एक पिवळं चाक काढलंय मी, तेव्हापासून हाच नियम.

जत्रेतले, रस्त्यावरचे सुटे ठोकळे स्वस्त मिळतात पण घट्ट बसत नाहीत, पोरगं वैतागतं, शिवाय 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो नसेल तर मी घेत नाही.

तर बहिणाबाई, दोनच्या वाढदिवसाला ड्युप्लोचा साधा डबा, थीमबिम नको, चाकाचा एक पीस असला की झालं. बारीक लेगोचं चार-पाचला बघू, तेव्हा काकाला खर्च करू दे.