जवळून टिपायचं तर प्रेस कॅमेरा की मोनोरेल?

४ बाय ५चा, म्हणजे तेवढ्या इंचांच्या सुट्या फिल्मवर टिपणारा जुना कॅमेरा घ्यायचा आणि त्यावर बिया, वाळकी पानं, घड्याळाच्या आतली चक्रं असलं बारीकसारीक टिपायचं, असं ठरवलं की निवड बहुतेक दोन जातींत येऊन थांबते. एक, घडी घालून पेटी होणारा प्रेस कॅमेरा. ग्राफ्लेक्सने १९४७ साली आणलेला क्राउन ग्राफिक हा त्यातला ओळखीचा चेहरा. दुसरा मोनोरेल, म्हणजे एका दांड्यावर पुढची आणि मागची चौकट स्वतंत्रपणे सरकणारा, सिनार नॉर्माच्या घराण्यातला. माझ्याकडे आधी प्रेस कॅमेरा होता आणि मोनोरेल बराच उशिरा आला. त्यामुळे खालचं सगळं अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही.

प्रेस कॅमेऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पिशवीत मावतो, दोन मिनिटांत उभा राहतो, पडला-आपटला तरी फारसं मनावर घेत नाही. भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची नळी, जेमतेम तीस सेंटीमीटर लांबतो हे खरं, पण १३५ मिलिमीटर फोकल लांबीची लेन्स लावली तर वस्तू फिल्मवर मूळ आकाराएवढी यायला २७ सेंटीमीटर पुरतात. कागदावर काम भागतं. मीही तसाच हिशेब करून घेतला होता.

कागदावर जे दिसत नाही ते फोकसच्या गुंड्यात, म्हणजे फिरवायच्या बटणात आहे. प्रेस कॅमेऱ्यात फोकस करायला लेन्सच पुढे-मागे होते, चित्र बघायची मागची दुधी काच जागची हलत नाही. लांबच्या दृश्याला यात काहीच अडचण नाही. पण मूळ आकाराच्या जवळ गेलात की लेन्स पाच मिलिमीटर पुढे सरकवताना ती काचेपासून जेवढी लांब जाते, तेवढीच वस्तूच्या जवळही जाते, आणि या दोन गोष्टी एकमेकींना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात. गुंडा फिरवावा तर चित्र मोठं होतं, लहान होतं, पण धूसर ते धूसरच. शिवाय वस्तू आणि काच यांच्यातलं अंतर फोकल लांबीच्या चौपटीहून कमी पडलं तर गुंडा दिवसभर फिरवला तरी फोकस मिळणार नाही. पहिल्या संध्याकाळी मी लेन्सच बिघडली समजून ती उतरवून पुसत बसलो होतो.

मग उपाय काय, तर कॅमेरा तसाच ठेवून वस्तू हलवायची. मी एका लाकडी ठोकळ्यावर बी ठेवायचो, डोक्यावर काळं कापड, डोळ्याला लुप (भिंग), आणि उजवा हात कॅमेऱ्याच्या कडेने पुढे काढून बोटाच्या टोकाने ठोकळा ढकलायचो. काचेपासून बीपर्यंत अर्ध्या मीटरहून जास्त अंतर. हात पोचतो न पोचतो. ठोकळा एक केसभर सरकायला हवा तिथे दोन मिलिमीटर सरकायचा, आणि लेन्सचं छिद्र एफ/२२ इतकं बारीक केलं तरी स्पष्ट दिसणाऱ्या खोलीला सगळे मिळून नऊएक मिलिमीटर मिळतात, हे लक्षात घ्या. ट्रायपॉडवर सरकपट्टी लावली की त्रास निम्मा होतो, पण मग घडी घालून नेण्याचं सुख गेलंच की.

मोनोरेलवर हीच गोष्ट दोन पायऱ्यांत संपते. पुढची चौकट वस्तूपासून हव्या त्या अंतरावर ठेवून आकार ठरवायचा आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. मग मागच्या चौकटीचा गुंडा फिरवायचा, चित्र काचेवर येऊन बसतं. गुंडा डोळ्याजवळच असतो, हात लांबवावा लागत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला हसूच आलं.

बाकी फरक आहेत, पण त्यांनी माझा निर्णय झाला नाही. वाळकं पान आडवं पडलेलं असेल तर मागची चौकट झुकवून फोकसचं प्रतल पानावर निजवता येतं. क्राउन ग्राफिकच्या पाठीला झुकायची सोयच नाही, आणि पुढची बाजू खाली झुकवायला बेड, म्हणजे लेन्स ज्यावर सरकते ती फळी, पाडावा तर भाता लांबवलेला असताना लेन्स इतकी खाली जाते की चित्र काचेवरून निसटतं. मूळ आकाराला दोन स्टॉप जादा (म्हणजे चौपट उजेड) द्यावे लागतात, ते दोन्हीकडे सारखेच.

मोनोरेलचीही कुरकुर सांगायला हवी. तो जड आहे, घडी होत नाही, आणि मागची चौकट कसून बंद करायला विसरलात तर फिल्मचा होल्डर सरकवतानाच फोकस जातो. फोमापान १०० या फिल्मवर दहा सेकंदांचं एक्स्पोजर निघालं की रेसिप्रॉसिटीच्या (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, त्या) हिशेबाने ते ऐंशी सेकंद द्यावं लागतं. मी एकदा असे ऐंशी सेकंद श्वास रोखून मोजले आणि नंतर पाहिलं तर मागच्या चौकटीची खिट्टी उघडीच. ती फिल्म अजून ठेवली आहे.

तुमचं बहुतेक काम बाहेरचं असेल आणि जवळचा फोटो वर्षातून चारदा, तर प्रेस कॅमेरा घ्या, मी अडवणार नाही. त्याचा भाऊ स्पीड ग्राफिक मिळाला तर आणखी बरं. त्याच्या पाठीमागच्या पडद्याच्या शटरमुळे, शटर नसलेली एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राची) लेन्सही चालते, आणि मूळ आकाराहून मोठं टिपताना ती उलटी लावली तर नेहमीच्या लेन्सपेक्षा कडा नीट येतात. मागून फोकस होणारा जुना लाकडी कॅमेराही पाहायला हरकत नाही, गुंड्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. पण टेबलावर बसून बियाच टिपायच्या असतील, तर मला वाटतं आधी मागचा गुंडा आहे का ते विचारा, लेन्सचं नाव नंतर.

माझा प्रेस कॅमेरा मी विकलेला नाही, प्रवासात तोच बरोबर असतो. तो लाकडी ठोकळाही आहे. भाता पूर्ण लांबवला की मोनोरेलचा दांडा पुढच्या टोकाला जरा थरथरतो, त्याच्याखाली टेकू म्हणून लावतो.