एफटी-101ई : सोलापुरात नऊ महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात एका रात्री हौशी रेडिओच्या 40 मीटर पट्ट्यावर बोलत असताना माझ्या एफटी-101ई या यायसूच्या जुन्या रेडिओ सेटच्या जाळीतून तांबूस उजेड दिसला. फायनलच्या, म्हणजे प्रक्षेपणाला अखेरची ताकद देणाऱ्या, दोन्ही व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्यांच्या) प्लेटा लाल झाल्या होत्या आणि मी बटण बंद करेपर्यंत त्यांतील एक व्हॉल्व्ह कायमचा गेला. ऑक्टोबरात घेतलेल्या या सेटबद्दल जे लिहायचे मनात होते, त्यातील निम्मे त्या रात्रीने बदलले.

सेट कित्येक वर्षे बंद पडून होता. विकणाऱ्याने तो चालू असल्याचे सांगितले होते, तरी मी तो थेट विजेला जोडला नाही. आधी मूळची दोन तारांची केबल काढून अर्थिंगसह तीन तारांची लावली. ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या 220 वरून 234 व्होल्टवर नेल्या, कारण आमच्याकडे रात्री यंत्रमाग थांबले की मीटर 245 दाखवतो आणि जास्तीचा दाब व्हॉल्व्हच्या हीटरचे आयुष्य खातो. त्यानंतर 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज दिली. दिवा क्षणभर उजळून मंद झाला. तो पूर्ण प्रकाशाने जळत राहिला असता, तर आत शॉर्ट आहे असे समजून तिथेच थांबावे लागले असते. वीजपुरवठ्याचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मी तेव्हाच बदलले. बाकीचे सुटे भाग चालत आहेत तोवर चालू द्यावेत, असे माझे मत होते.

ते मत मी मागे घेतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे फायनलच्या आधीच्या, 12बीवाय7ए व्हॉल्व्हच्या प्लेटवरून फायनलच्या ग्रिडकडे (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) सिग्नल नेणारा 100 पिकोफॅरडचा एक लहानसा कपॅसिटर असतो. पन्नास वर्षांनी तो गळू लागला, की प्लेटवरचा धन दाब ग्रिडवर झिरपतो, तिथला ऋण बायस (प्रवाह काबूत ठेवणारा ठरावीक दाब) कमी पडतो आणि फायनल बेलगाम प्रवाह खेचू लागतात. यात सेट बनवणाऱ्यांचा दोष नाही. एखाद्या सुट्या भागाने याहून अधिक काळ टिकावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे. माझ्या सेटचा स्थिर प्रवाह, म्हणजे सिग्नल नसताना फायनल खेचतात तो, 60 मिलिअँपिअरला लावलेला होता. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, काटा 70 वर गेला. मी बायसचा स्क्रू फिरवून तो 60 वर आणला. मार्चमध्ये तो 80 वर दिसला आणि मी पुन्हा स्क्रूच फिरवला. काटा सांगत होता ते मी ऐकले नाही, त्याला फक्त जागेवर बसवत राहिलो. पन्नास रुपयांचा कपॅसिटर वाचवण्याच्या नादात 6जेएस6सी व्हॉल्व्हची जोडी गमावली. हे व्हॉल्व्ह रंगीत टीव्हीसाठी बनवलेले होते, त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे आणि त्याच क्रमांकाचा दुसऱ्या बनावटीचा व्हॉल्व्ह या सेटमध्ये नीट बसेलच असे नाही. मला पहिल्या खेपेला नवी म्हणून पाठवलेली जोडी वापरलेली निघाली, आणि ती परत करण्यात तीन आठवडे गेले.

म्हणून असा सेट घेणाऱ्याने तो कपॅसिटर पहिल्याच दिवशी बदलावा, किमान 1000 व्होल्टचा घ्यावा आणि फायनल बदलल्यावर न्यूट्रलायझेशन (फायनल आपोआप दोलन करू नयेत यासाठीची जुळवणी) पुन्हा करावे.

झाकण उघडण्याबद्दलही सांगतो. फायनलच्या पिंजऱ्यात सुमारे 600 व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते उरू शकतात. बेकलाइटच्या दांडीच्या टोकाला मी 10 किलोओहमचा जाड रेझिस्टर बसवला असून त्याचे दुसरे टोक चिमट्याने चासिसला लावतो. दांडी टेकवून झाल्यावर मीटरने शून्याची खात्री करतो आणि मगच हात आत घालतो, तोही एकच. दुसरा पाठीमागे असतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करण्याची जुनी सवय सोडावी. घरात कोणी जागे नसेल तर मी झाकण उघडतच नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना आणखी एक काळजी आहे. शेजारी टॉवेलचे माग चालतात आणि सुताचे बारीक तंतू पंख्यातून आत येतात. मे महिन्यात पिंजरा उघडला तेव्हा व्हॉल्व्हच्या बुडाशी मऊ, करड्या रंगाची गादीच बसलेली होती. आता दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने ती काढतो. ट्यूनिंग करताना प्रक्षेपणाची कळ 10 सेकंदांपेक्षा अधिक दाबून ठेवत नाही. उन्हाळ्यात नुसते ऐकायचे असेल तेव्हा समोरचे हीटरचे बटण बंद ठेवतो. रिसीव्हर ट्रान्झिस्टरवर चालतो, त्यामुळे ऐकण्यात काहीच उणे पडत नाही. खरे तर त्याचा तो ऐकायला शांत, गोलसर आवाज हेच मी हा सेट विकून न टाकण्याचे कारण आहे.

नवा कपॅसिटर आणि नवी जोडी जूनमध्ये बसली. झाकणाच्या आत एक कागद चिकटवला असून दर रविवारी त्यावर स्थिर प्रवाह लिहितो. आजवर पाच नोंदी झाल्या, पाचही वेळा 60. सुट्या व्हॉल्व्हची आणखी एक जोडी घेऊन ठेवायची आहे, पण सांगितलेली किंमत मला अजून पटलेली नाही.