रेनॉक्स डीसीआर-२५०: शंभरची नोट आणि द्राक्षावरचा थ्रिप्स (फुलकिडा)

मॅक्रो लेन्सचे (बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) भाव बघून गप्प बसलेल्यांसाठी हा रिव्ह्यू. डीसीआर-२५० ही वेगळी लेन्स नाहीये, तुमच्या टेलिझूमच्या (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) तोंडावर क्लिपने अडकवायची छोटी काच आहे. ५२ ते ६७ मिमी फिल्टर साइजला बसते, माझ्या कॅनन ५५-२५० ला (५८ मिमी) आरामात बसली. पॉवर +८, म्हणजे फोकल लेन्थ १२५ मिमी, आणि झूमच्या २५० मिमीला १२५ ने भागलं की झालं २एक्स (सेन्सरवर वस्तू दुप्पट मोठी), मेन लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला ठेवून. अख्ख्या फ्रेममध्ये जेमतेम ११ मिमी रुंदीचा तुकडा मावतो. सब्जेक्ट साधारण १२ सेंमी लांब राहतो, त्यामुळे फ्लॅश मारायला जागा मिळते.

आता शार्पनेस. पान-फूल काढून "वा काय शार्प आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही, नवी जांभळी शंभरची नोट घ्या, तिच्यावर बारीक अक्षरात 'भारत', 'आरबीआय' छापलंय, नुसत्या डोळ्याला ती रेघच वाटते. नोट काचेखाली सपाट दाबायची आणि कॅमेरा बरोबर काटकोनात पाहिजे, नाहीतर एक बाजू शार्प, दुसरी धूसर आणि शिव्या लेन्सला. त्यासाठी नोटेच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब (धूसर का होईना) फ्रेमच्या मधोमध आलं की काम झालं. खोलीत अंधार आणि उजेड फक्त फ्लॅशचा, कमी पॉवरवर. नाशिकमध्ये द्वारका चौकाच्या आसपास राहत असाल तर ट्रक गेला की टेबल हलतं आणि २एक्सला ते लगेच दिसतं, फ्लॅशच्या क्षणात ती हालचाल गोठते.

निकाल: मध्यभागी एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक) अक्षरं कोरल्यासारखी, एफ/११ ला पण मस्त. पूर्ण उघड्या अपर्चरला जरा दुधट. एफ/१६ च्या पुढे गेलात की सगळंच मऊ पडत जातं, ते डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो), त्यात काचेचा दोष नाही. एक्स्टेन्शन ट्यूबवर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच आली की, कॅमेऱ्यात एफ/८ दिसत असला तरी खरा एफ/१६ झालेला असतो, इथे मेन लेन्स इन्फिनिटीला असल्याने ती भानगड नाही, माझ्या मते हाच ह्याचा मोठा फायदा. कोपरे आधी ढिले वाटले, पण फोकस मुद्दाम कोपऱ्यावर घेतला तर अक्षरं परत वाचता आली, म्हणजे फोकसचं प्रतल थोडं वाकलेलं आहे. नोटेला ते खटकतं, किड्याला कोण विचारतो. झूम फार कमी केलात तर मात्र कोपरे काळेच होतात.

खरी परीक्षा दिंडोरीकडे मामांच्या द्राक्षबागेत. थ्रिप्स असतो मिलिमीटरभर, २४ मेगापिक्सलवर तो पाचशेच्या वर पिक्सल लांब येतो, पंखांच्या कडेचे केस सुटे दिसतात. मामांना स्क्रीनवर दाखवलं तर म्हणाले, "आरं, ह्याला तर झालर हाये की!" पण डेप्थ (शार्प दिसणाऱ्या भागाची जाडी) एफ/८ ला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही नाही, डोळा शार्प तर शेपूट गायब. वेलीवर झुळूक आली की विषय संपला, त्यामुळे शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून तिथेच फोटो घ्यायचे, कागद असाही थ्रिप्स मोजायला सोबत असतोच. द्राक्षमण्याचा फोटो काढताना फ्लॅशपुढे बटर पेपर लावा, नाहीतर मण्यावरच्या पांढुरक्या लवेवर पांढरा डाग पडतो.

मेनरोडला मिळतात ते स्वस्त एका काचेचे क्लोज-अप फिल्टर पण नोटेवर लावून बघितले, प्रत्येक अक्षराला जांभळी-हिरवी किनार. ते घेऊच नका. ज्याला अंगठी-नाणी असं कॅटलॉगचं काम करायचंय त्याने थांबून खरी मॅक्रोच घ्यावी, बाकी शेतातल्या किड्यांसाठी हे बेस्ट आहे. क्लिपचा भरवसा वाटत नसेल तर ५८ ते ४३ ची स्टेप-डाऊन रिंग मागवा, काचेची मागची चुडी (आटे) ४३ ची आहे.